फुटपट्टी आत्याने कानाचं मशीन घेतलं

आमची आत्या बुटांच्या दुकानात विक्रीचं काम करते आणि तिला गिऱ्हाईक या प्राण्याचा मनापासून राग आहे. दुकानात हा राग दिसत नाही. तिथे तिच्या जिभेवर साखर असते. घरी आली की एका पायातली चप्पल काढून दुसरी काढायच्या आत ती सुरू होते.

"'जरा नुसतं बघतोय,' म्हणे. बघायचंय तर घरी आरशात बघ ना. माझ्याकडून अर्धा माळा खाली उतरवून घेतला आणि म्हणतो, 'बायकोला घेऊन येतो.' बायको दारात उभी होती. माझ्या डोळ्यांदेखत तिला हाताला धरून घेऊन गेला."

किंवा, "'ताई, हा चावणार तर नाही ना?' बूट आहे बाई तो. दात नाहीत त्याला."

दुकानातले लोक तिला फुटपट्टी म्हणतात. एक तर ती तशी आहे, बारीक, सरळ आणि कडा लागतील अशी. दुसरं म्हणजे, माणूस दारात पायपुसण्यावर उभा असतानाच ती त्याचं माप सांगते, आणि नुसतं पायाचं नाही. कोण घेणार, कोण हवा खायला आलाय, कोणाला बूट हवाय आणि कोणाला शेजाऱ्याच्या बुटापेक्षा बरा बूट हवाय, हे तिला त्या पायपुसण्यावरच कळतं.

"तोंडाकडे बघायचं नाही," ती मला सांगते. "तोंड खोटं बोलतं. पाय बघ. आवडलेला बूट असला की माणूस पायाची बोटं आत हलवून बघतो. नावडला तर पाय मेल्यासारखा पडतो. मग तोंडाने कितीही 'छान आहे छान आहे' म्हणू दे."

जोडीने आलेल्यांत कोण घालून बघतंय ते बघायचं नाही, कोण बसून बघतंय ते बघायचं, कारण होकार बसलेल्याकडून येतो. मुलाला बूट घ्यायला आलेला बाप अंगठ्याने बुटाचं टोक दाबतो आणि मुलाकडे न बघता आत्याकडे बघतो, जणू दुखलं तर तिला दुखणार आहे. जो आधी किंमत विचारतो त्याला ती वस्तू आवडलेली असते. जो 'कातडं खरं आहे का' विचारतो त्याला कातड्यातलं काही कळत नाही, पण आपल्याला कळतं असं तिला वाटावं एवढीच त्याची इच्छा असते. आत्या ती पुरी करते. "तुम्हाला कळलं बरोबर," एवढंच म्हणते. तो बूट गेला.

तिची मुख्य करामत तीन डब्यांची. गिऱ्हाइकाने मागितलं ते ती आधी आणते. दुसऱ्या डब्यात असा काही महागडा जोड की बघूनच माणूस पाय आखडून घेतो. तो ती लगेच मिटते, "हा राहू दे, हा उगाच दाखवला." आणि मग तिसरा. पहिल्यापेक्षा बराच वर, दुसऱ्यापेक्षा जरा खाली. दुसऱ्या डब्याने घाबरलेला माणूस तिसऱ्याकडे बघून सुटकेचा श्वास टाकतो आणि आपण पैसे वाचवले असं समजून घरी जातो. पहिल्या डब्याची त्याला आठवणही राहत नाही.

तरीही घुटमळला तर आत्या डब्यावर हात ठेवते आणि म्हणते, "शेवटचाच आहे हं." तो 'हं' ऐकण्यासारखा आहे. त्यात कुणी तरी वारल्याचं दुःख असतं.

शिवाय गालिचा. दुकानात घालून बघायच्या जागेवर मालकाने जाड, मऊ गालिचा टाकलाय, त्यावर लाकडाचे ओंडके घालून चाललात तरी मऊ लागतील. दारापाशी मात्र फरशी आहे. ज्याच्याशी आत्याचं पटतं त्याला ती म्हणते, "जरा दारापर्यंत चालून या." असे लोक फार नसतात.

"तुला काही वाटत नाही का?" मी एकदा विचारलं.

"काय वाटायचं? मी कोणाच्या खिशात हात घालते? त्यांचं दारातच ठरलेलं असतं. त्यांना फक्त कोणीतरी हो म्हणायला हवं असतं. ते मी म्हणते." मग पाणी पिऊन म्हणाली, "आणि मला कोणी काही विकून दाखवावं. एकाने तरी."

हे खरं होतं. आत्या बाजारात निघाली की भाजीवालेसुद्धा ताठ बसतात. दारावर पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आलेल्या पोराला तिने त्याच्या बोलण्यातल्या चुका सांगून, चहा पाजून परत पाठवलं होतं. बिचारा पायरीवर बसून काही वेळ विचार करत होता, नोकरी सोडायचा असावा.

तर अशा या बाईला माझ्या आजोबांसाठी कानाचं मशीन घ्यायचं होतं.

आजोबा, म्हणजे आत्याचे आणि माझ्या वडिलांचे वडील, आयुष्यभर पत्र्याच्या कारखान्यात दाबयंत्रावर होते. दिवसभर धाड धाड धाड. त्या यंत्राने बोटं जाड केली आणि कान हळूहळू खाऊन टाकले. आम्ही सगळे घरात ओरडून बोलतो. आमच्या घरात काय शिजतंय, कोणाला किती मार्क पडले, सगळं गल्लीला ठाऊक असतं. आजोबांना सोडून. त्यांनी स्वतःपुरता एक तोडगा काढला होता: काहीही विचारलं की "हो हो." जेवलात का? हो हो. बरं वाटतंय का? हो हो. घराला आग लागलीये. हो हो. लोक म्हणायचे, किती समाधानी माणूस आहे.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की साधं मशीन चालेल, कानामागे लावायचं, आवाज कमी-जास्त करायचं छोटं चाक असलेलं. विषय तिथेच संपायचा. पण रविवारी थोरल्या काकांचा व्हिडिओ कॉल आला.

थोरले काका दूर असतात, भेटायला येत नाहीत, पण 'नीट' हा शब्द नियमित पाठवतात. "बाबांचं नीट चाललंय ना? नीट डॉक्टरला दाखवलंत ना?" त्या 'ना'मध्ये एक अख्खी चौकशी समिती बसलेली असते. आजोबा पडद्यासमोर बसून हो हो करत होते. मशीनचं ऐकल्यावर काका म्हणाले, "हे बघ, चांगल्यातलं घे. उगाच स्वस्तातलं काहीतरी उचलून आणू नकोस. तुला सवय आहे."

आत्याने फोन ठेवला तो अशा बेताने, जणू तो काचेचा आहे आणि तिला फोडायचाय.

"मला सवय आहे," ती भांड्यांना म्हणाली. "बापाला बघायची सवय मला, आणि 'नीट' म्हणायची याला." त्या दिवशी भांडी फार स्वच्छ निघाली.

कानाच्या मशीनचं दुकान म्हणजे दुकानच, पण स्वतःला केंद्र म्हणवणारं. पांढऱ्या भिंती, बाकड्यावर उशा, हसणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. आतला तरुण पांढरा कोट घालून होता, डॉक्टर नसताना. आणि इतकं हळू बोलत होता की मी थक्क झाले. ज्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकू येत नाही तिथे हा माणूस झोपलेल्या बाळाशी बोलावं तसा बोलतोय. नंतर लक्षात आलं, ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी तो बोलतच नव्हता.

"नमस्कार मॅडम. बाबांसाठी ना?" आमचे आजोबा तिथे उभे होते, सहा फुटी माणूस. त्यांच्याकडे त्याने बघितलं ते पिशवीकडे बघावं तसं.

"नीट दाखवा हं," आत्या म्हणाली. "भावाला उत्तर द्यावं लागतं मला."

"अर्थात मॅडम. अगदी." त्याने डोळे मिटून मान हलवली, जणू जगातले सगळे भाऊ त्याला माहीत आहेत.

आम्हाला तो एका काचेच्या खोलीत घेऊन गेला. दार लावलं आणि बाहेरचं जग बंद झालं. रस्ता नाही, पंखा नाही, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आत्याने माझ्या कुशीत कोपर मारलं. "गालिचा," ती पुटपुटली. इथे कुठलंही मशीन गोडच वाजणार, असं तिला म्हणायचं होतं. चेहऱ्यावर जुना मित्र भेटल्याचा आनंद.

कोटवाल्याने पहिला डबा काढला. दोन बोटांत धरून, मेलेलं झुरळ धरावं तसं. "हे... आहे आपल्याकडे. साधं. लोक घेतात." प्रत्येक शब्दाआधी एक थांबा. पण लावून दाखवलं.

आजोबांनी कानामागे हात नेला. चाक सापडलं, अंगठ्याने फिरवलं. मग सदऱ्याच्या बाहीवर हात घासला. पुन्हा घासला. "सदरा वाजतोय माझा," ते म्हणाले. कोणाला उद्देशून नाही.

"आत्या, बघ ना," मी म्हटलं.

"थांब जरा," ती म्हणाली. नजर कोटवाल्याच्या हातांवर. "आता दुसरा काढेल."

त्याने दुसरा काढला. काचेच्या कपाटाला कुलूप होतं, ते उघडून. मखमलीत दोन दाणे, तांदळापेक्षा थोडे मोठे. किंमत सांगितली नाही, फक्त कार्ड उलटं करून सरकवलं. आत्याने बघितलं आणि कौतुकाने मान हलवली. ते कौतुक मशीनचं नव्हतं. एक सुतार दुसऱ्या सुताराचा सांधा बघतो ना, तसं.

"हे राहू दे," कोटवाला म्हणाला. "हे मी उगाच दाखवलं."

आत्याच्या तोंडून 'बरोबर' निघायचं तेवढं बाकी राहिलं.

मग तिसरा. छोटं, चंदेरी, कानात आत बसणारं, रात्रीतून चार्ज होणारं, आवाज कमी-जास्त मोबाइलवरून करायचा. "हे बाबांचं," तो म्हणाला. विकायच्या आधीच बाबांचं. "आता आवाज काय, कुठलंही मशीन देतं मॅडम. प्रश्न नात्यांचा आहे. प्रश्न पैशांचा नाहीये. गेल्याच आठवड्यात एक ताई साधं घेऊन गेल्या. काल फोनवर रडत होत्या."

खोटं. मला ऐकूनच कळलं. खरोखर रडणाऱ्या बाईबद्दल कोणी इतक्या गुळगुळीत आवाजात सांगत नाही. आत्यालाही कळलं, तिने परत कोपर मारलं. तिला त्याची प्रत्येक चाल दिसत होती. रडणारी ताई दिसली, 'हे बाबांचं' दिसलं, मधला डबा दिसला. क्रिकेटची मॅच बघावी तशी ती बघत होती.

"बाबांना कसं वाटतंय?" कोटवाल्याने आत्याला विचारलं.

आत्याने न वळता हातानेच खूण केली. आजोबा म्हणाले, "हो हो."

"शेवटचाच सेट आहे मॅडम या रंगात," कोटवाला म्हणाला. कानात आत बसणाऱ्या वस्तूचा रंग.

आणि आत्याने तो घेतला.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "अगं, तुला तर सगळं कळत होतं."

"कळत होतंच," ती म्हणाली. "चांगला आहे पोरगा. 'हे बाबांचं' मस्त टाकलं. पण मी त्याच्यामुळे नाही घेतलं हं. मी विचार करून घेतलं." हे वाक्य तिच्या दुकानात तिसरा डबा घेणारा प्रत्येक माणूस पैसे देताना म्हणतो. पण तिची पाठ फार ताठ होती.

रविवारी तिने काकांना डबा दाखवला. मशीन नाही, आधी डबा. "सगळ्यात वरचं नाही, त्याच्या खालचंच," ती म्हणाली. काका म्हणाले, "अरे वा. आता कसं." आजोबा कानात चंदेरी दाणा घालून बसले होते. पडदा काळा झाल्यावर त्यांनी तो काढला, पुसला, डब्यात ठेवला. लग्नाला घातलेले बूट घरी आल्यावर काढून ठेवावेत तसा.

पुढे काय झालं ते सगळ्या घराला दिसत होतं आणि कोणी बघत नव्हतं. आम्ही ओरडत होतो, ते हो हो म्हणत होते. एका सकाळी गॅसवर दूध उतू जात होतं, आत्या न्हाणीघरातून "बाबा, गॅस, गॅस" करत होती, आणि आजोबा गॅसपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. आत्या ओल्या केसांनी बाहेर आली. गॅस बंद केला. मग त्यांच्या कानाकडे बघितलं. रिकामा.

मशीन कपाटात होतं. डबा, डब्याभोवती रुमाल, रुमालावर रबर, सगळं लोकरीच्या टोपीत.

"घालायला आणलंय का पुरायला?" आत्याने टोपी त्यांच्यासमोर आपटली. आपटली म्हणजे आपटायला उचलली आणि ठेवली, महाग होतं.

"हरवलं तर?" आजोबा म्हणाले. "एवढंसं आहे. बोटात येत नाही माझ्या. परवा बाहेर घालून गेलो. रस्त्यावर कानात हातोडे. कमी करायचं तर मोबाइल. मोबाइल तुझ्याकडे, तू दुकानात."

"मग सांगायचं नाही?"

"ते पहिलं बरं होतं. चाकाचं."

"मग तिथेच का नाही बोललात?" आता गल्लीत खिडक्या उघडल्या होत्या.

आजोबांनी हे ओठांवरून वाचलं की नेहमीच्या सवयीने ओळखलं, ठाऊक नाही. पण उत्तर बरोबर दिलं. "विचारलंस कुठे तू? तू त्या पोराचे हात बघत होतीस."

आत्या खाली बसली. गिऱ्हाइकाचे पाय बघून जगणारी बाई, आणि तिच्या शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाने बाही घासली, चाक फिरवलं, तोंडाने सांगितलंसुद्धा. तिने बघितलंच नाही. ती विक्रेत्याकडे बघत होती. साध्या माणसाकडून ही चूक झाली नसती. साधा माणूस आपल्या बापाकडे बघतो.

मला वाटलं ती रडेल. ती कशाला रडतेय. तिने केस बांधले. "चला," म्हणाली. "उठा. चप्पल घाला."

वाटेत तिने मला परत करायला येणाऱ्या लोकांचे प्रकार सांगितले, दात आवळून. "रडणारे येतात, त्यांना आपण पाणी देतो. ओरडणारे येतात, त्यांना ओरडू देतो, दमतात. 'मालकाला बोलवा'वाल्यांना सांगतो मालक गावाला गेलेत. या सगळ्यांची उत्तरं तयार असतात. दुकानदार घाबरतो तो फक्त बसणाऱ्याला."

"म्हणजे?"

"म्हणजे बसणाऱ्याला."

कोटवाल्याने आम्हाला ओळखलं. चेहरा हसरा, डोळे दाराकडे. "मॅडम, कानात गेलेली वस्तू आम्ही परत घेत नाही. आरोग्याचा प्रश्न असतो. तुमचाच विचार करून हा नियम आहे."

"बरं," आत्या म्हणाली. आणि बाकड्यावर बसली. शेजारी आजोबांना बसवलं. मला बसवलं. पिशवी मांडीवर घेतली.

"मॅडम, काही उपयोग नाही बसून."

"पाय दुखतात हो. दिवसभर उभं राहायचं काम आहे माझं."

तो आत गेला. बाहेर आला. पाणी हवं का विचारलं. नको म्हणाली. फोनवर बोलल्यासारखं केलं. पलीकडे कोणी नव्हतं, थांबे चुकीच्या जागी पडत होते. तेवढ्यात एक नवरा-बायको आले, बरोबर म्हातारी आई. काचेच्या खोलीत कोणीतरी तपासणीला बसलेलं होतं म्हणून त्याला बाहेरच्या टेबलावर डबे मांडावे लागले. आमच्या समोर.

पहिला डबा, झुरळासारखा. दुसरा, कुलपातला. "हे राहू दे, हे मी उगाच दाखवलं." आत्या फक्त बघत होती. या वेळी त्याच्या हातांकडे नाही, त्याच्या तोंडाकडेही नाही. ती म्हातारीकडे बघत होती. तिसरा डबा उघडला, "आणि हे आईंचं," तो म्हणाला. सून नवऱ्याकडे बघू लागली, नवरा किमतीकडे.

आत्या उठली आणि म्हातारीसमोर उकिडवी बसली, दुकानात बसते तशी. पहिल्या डब्यातलं साधं मशीन म्हातारीच्या कानाला अजून होतंच. "आजी," ती सावकाश म्हणाली, "तुम्हाला कोणतं बरं वाटलं?"

म्हातारीने आधी मुलाकडे पाहिलं, बोलू का असं. मग कानाला बोट लावलं. "हेच की. पण मला कोण विचारतंय."

"मॅडम," कोटवाला म्हणाला. आवाज पहिल्यांदाच नेहमीच्या माणसासारखा निघाला, जरा चिरका, आमच्यासारखा. "दोन मिनिटं मागच्या खोलीत या."

मी आजोबांना धरून दारात उभी राहिले. त्याने दार नीट लावलं नव्हतं.

"तुम्ही पण धंद्यातल्याच ना?" तो म्हणाला. "त्या दिवशीच ओळखलं. मी डबे मांडले आणि तुम्ही बोलता बोलता त्यांच्या कडा सरळ केल्यात. काय विकता?"

"बूट."

"मग मला कशाला बोलता? तुम्ही आत आल्या आल्या काय म्हणालात? 'भावाला उत्तर द्यावं लागतं.' मी भावाचं मशीन दाखवलं. बापाचं मागितलं असतंत तर बापाचं दाखवलं असतं."

आत्याच्या मानेवरची शीर दारातून दिसत होती. मला वाटलं आता हा संपला. त्याने तिचंच शास्त्र तिच्या तोंडावर मारलं होतं, आणि ते बरोबर होतं, आणि बरोबर असल्यामुळे जास्त संतापजनक होतं. मलाही संताप आला. दारातच माणूस काय बोलतो ते ऐकायचं, त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं आणि मग म्हणायचं, बोट माझं असलं तरी जागा तुमची होती.

"दाखवलंस," आत्या म्हणाली. "मीही दाखवलं असतं. म्हणून तर तुला ओरडत नाहीये. पण आता मी बापाचं मागतेय, आणि दिवसभर मागत बसणार आहे. बाहेर बाकडं बरं आहे तुझं. उशा आहेत."

त्याने बाहेरच्या टेबलाकडे पाहिलं. सून म्हातारीला परत विचारत होती, कोणतं, कोणतं.

बदलून दिलं. वरचे पैसे सगळे नाही आले, वापरलेल्याचे कापून घेतले. आत्या त्यावर भांडली, हरली, परत भांडली आणि थोडं जिंकली. आजोबांनी चाकाचं मशीन कानामागे लावलं आणि जायला निघताना कोटवाल्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "आभारी आहे हं पोरा."

रस्त्यावर पाऊल टाकताच आत्याचा स्फोट झाला. घरात ओरडायची सवय, तीच पट्टी. "आभार? त्याचे आभार? लुबाडलं त्याने आपल्याला."

"ओरडू नकोस," आजोबा म्हणाले. "बदलून दिलं त्याने."

"माझ्यामुळे दिलं."

"तुझ्यामुळेच घेतलं होतं आधी."

आत्या फुटपाथवरच थांबली. मागून येणारा सायकलवाला आम्हाला वळसा घालून गेला. तिला घरात कोणी उलट बोलत नाही, आणि आजोबांनी तर कितीतरी वर्षांत नाही, कारण उलट बोलायला आधी ऐकावं लागतं.

"म्हणजे माझंच चुकलं," ती म्हणाली. "करायचं मी, बोलणी खायची मी. तो तिकडे बसून नुसतं 'नीट, नीट' करतो त्याला काही नाही."

"तो काय म्हणाला होता?"

"'चांगल्यातलं घे. स्वस्तातलं उचलून आणू नकोस. तुला सवय आहे.'" आवाज हुबेहूब काढला तिने, मला हेवा वाटावा असा.

"असं म्हणाला?"

"तुमच्यासमोर म्हणाला बाबा. तुम्ही हो हो म्हणालात."

आजोबांना त्या क्षणी काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं आणि मी दुसरीकडे बघितलं. समोर एक फळवाला ओरडत होता, त्याच्या बाजूला मोटारींचे हॉर्न. त्यांचा अंगठा कानामागे गेला, पण चाक फिरवलं नाही.

"रविवारी येईल ना त्याचा फोन?"

"येईल की. मी दाखवणार आहे त्याला हे. कॅमेऱ्याला चिकटवून दाखवणार आहे. बघ म्हणावं, स्वस्तातलं."

"तू नको दाखवूस. मी बोलेन त्याच्याशी."

"काय बोलणार तुम्ही?"

"ते मी बघतो. तू चिडलीस की मुद्दा सोडून देतेस."

"मी चिडत नाही," आत्या अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि त्यावर आजोबांनी तिला ती कधी कधी चिडली होती ते लहानपणापासून सांगायला सुरुवात केली. तिने प्रत्येक वेळेचं कारण दिलं, त्यांनी प्रत्येक कारण खोडलं, आणि अशी ती दोघं घराच्या वळणाला लागली.